बुखारीची ऊब आणि हवेचा ओलावा

पौषांत श्रीनगरास राहावयास गेलेल्या आपल्याकडील माणसास एक कोडें पडतें. बाहेर धुकें दाटलेलें, रस्ते ओले, हवा जणूं भिजलेली. आणि घरांत लांकडाची बुखारी, म्हणजे धुराची नळी असलेली लोखंडी शेगडी, पेटली कीं चार दिवसांत ओठ फुटतात, घसा कोरडा पडतो, लांकडी सामानाचे सांधे उकलतात. विस्तवानें हवेंतील पाणी जाळलें, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. उलट लांकूड जळतांना थोडी वाफच निर्माण होते; मात्र ती धुराबरोबर नळींतून निघून जाते.

खरें कारण हवेच्या स्वभावांत आहे. शून्य अंश सेंटिग्रेडवर एक घनमीटर हवेंत जास्तींत जास्त ५ ग्रॅमच्या आंतबाहेर पाणी वाफेच्या रूपानें मावतें. २० अंशांवर सुमारें १७ ग्रॅम मावतें. म्हणून बाहेर पूर्ण तृप्त असलेली हवा घरांत येऊन तापतांच जेमतेम २८ टक्के तृप्त उरते. पाणी तेवढेंच, तहान मात्र साडेतीनपट! ती तहान हवा आपल्या ओठांवर व घशावर भागविते. त्यांतून बुखारी खोलींतील हवा सतत ओढून नळीवाटें बाहेर टाकते आणि तिच्या जागीं फटींतून नवी थंड हवा आंत शिरते.

मग पाणी किती लागेल? दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि नऊ फूट उंच खोलींत सुमारें ३० घनमीटर हवा असते. तिचा ओलावा २८ वरून ४० टक्क्यांवर नेण्यास अवघें ६० ग्रॅम पाणी पुरतें. परंतु ही हवा तासाला एकदां बदलत असेल, तर दिवसरात्रींत दीड लिटर पाण्याची वाफ व्हावयास हवी. दोनदां बदलत असेल तर तीन लिटर. यास्तव आधीं खिडक्यांच्या फटी बुजवाव्या, मग बुखारीवर पाणी ठेवावें. भांडें पसरट, जड बुडाचें आणि मुलांच्या हातीं न लागणारें असावें. ओलावा मिळावा म्हणून ओलें लांकूड जाळणें व्यर्थ होय. त्यानें केवळ ऊब घटते आणि नळींत काजळी सांचते.

अति तेथें माती, हें येथेंहि लागू आहे. सोस्यूर या शास्त्रज्ञानें १७८३ सालीं माणसाच्या केंसाचा आर्द्रतामापक प्रसिद्ध केला. ओलाव्यानें केंस लांबतो, हें त्याचें तत्त्व. आज असें यंत्र स्वस्तांत मिळतें. ओलावा ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा. खिडकीच्या कांचेवरून थेंब ओघळूं लागले तर भांडें उतरवावें. नाहींतर भिंतींस बुरशी धरते.

शेवटीं, सर्वांत महत्त्वाची गोष्ट. फटी बुजवितांना बुखारीस लागणारी ताजी हवा कधींहि अडवूं नये, आणि नळी वेळचे वेळीं साफ करावी. हवा अपुरी पडली कीं कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायु अधिक होतो आणि तो खोलींत पसरूं शकतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. निजलेला माणूस जागाहि होत नाहीं. त्याची सूचना देणारें यंत्र निजावयाच्या खोलींत अवश्य असावें. कोरड्या घशास उपाय आहे. कोंडलेल्या खोलींत मात्र उपाय करावयास वेळच मिळत नाहीं.