समुद्रातली बातमी, शिवारातले काम



‘अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आहे. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.’ रेडिओवर एवढे ऐकले की आपल्यातले पुष्कळजण म्हणतात, ‘ही बातमी कोळ्यांची, आपल्याला काय त्याचे?’ आणि रेडिओचा कान पिळून कामाला लागतात.

ऑक्टोबर २०१९ मध्ये असेच झाले. ऐन दिवाळीच्या तोंडावर ‘क्यार’ नावाचे चक्रीवादळ रत्नागिरीसमोरच्या समुद्रात तयार झाले. ते किनाऱ्याला लागले नाही, पश्चिमेला ओमानच्या बाजूला वळले आणि तिकडे समुद्रातच विरले. पण जाता जाता कोकणात पाऊस पाडून गेले. कापून शेतात पसरलेले भात पाण्यात भिजले आणि लोंब्यांना मोड आले. म्हणजे वादळ आपल्या गावात आले नाही, तरी नुकसान गावात आले. म्हणून समुद्राची बातमी शेतकऱ्यानेही ऐकली पाहिजे.

वादळ होते कसे?

समुद्राचे पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापले की त्याची भरपूर वाफ होते. वाफ वर जाऊन तिचे ढग बनतात, तेव्हा तिच्यातली उष्णता बाहेर पडते. त्यामुळे हवा आणखी वर चढते आणि खाली दाब कमी होतो. ही जागा भरायला चहूकडून वारे धावतात. पृथ्वी फिरत असल्यामुळे ते सरळ न येता आपल्याकडे घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने गरगरतात. जमिनीवर आले की वाफेचा पुरवठा तुटतो आणि वादळाचा जोर ओसरतो.

अरबी समुद्रात अशी वादळे मुख्यतः मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होतात. पहिल्या वेळी आपला आंबा झाडावर असतो, दुसऱ्या वेळी भात खळ्याच्या वाटेवर असते. हे ध्यानात ठेवा.

बातमीतले शब्द ओळखा

वारा ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असला तर त्याला ‘डिप्रेशन’ म्हणतात. ५० ते ६१ असला तर ‘डीप डिप्रेशन’. ६२ च्या वर गेला की ते चक्रीवादळ, आणि ८९ च्या वर तीव्र चक्रीवादळ. नाव मिळते ते चक्रीवादळ झाल्यावरच. पण नाव नाही म्हणून बेफिकीर राहू नका. नुसते डिप्रेशनही मुसळधार पाऊस पाडते.

किनाऱ्यावर वाईट हवा सुरू होण्याच्या निदान ४८ तास आधी सावधगिरीची सूचना मिळते आणि निदान २४ तास आधी पक्का इशारा. आपल्या हाती असतो तो हाच वेळ.

या वेळात काय करावे?

१. जेवढे भात त्याच दिवशी छपराखाली आणता येईल तेवढेच कापा. बाकीचे उभे राहू द्या. पाण्यात पडलेल्या कापलेल्या भातापेक्षा उभे भात बरे.

२. कापलेले भारे उंच जागी नेऊन उडवी रचा आणि वर ताडपत्री घट्ट बांधा. शेतातले पाणी जायला चर मोकळे करा.

३. तयार झालेला आंबा झेल्याने उतरवून घ्या. खत-औषधांची फवारणी पुढे ढकला.

४. खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी बांध आणि उघाडी तपासावी. वादळात समुद्राचे पाणी फुगून आत शिरते.

५. गुरे झाडाखाली बांधू नका. गोठा मोडकळीला आला असेल तर गुरे दुसरीकडे हलवा. कौले, पत्रे आवळून घ्या.

वादळ कुठे आहे?

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. वादळाचा मध्य साधारण तुमच्या डाव्या हाताला असतो. वादळ आपल्यावरून चालले असेल तर मध्येच वारा एकदम पडतो, आभाळही उजळते. तेव्हा ‘संपले’ म्हणून वाडीत धावू नका. तो वादळाचा डोळा. थोड्या वेळाने उलट्या दिशेने तेवढाच जोरदार वारा सुटतो आणि आधीच हललेली माडे-पोफळी तेव्हा कोसळतात.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीची नवी बाग उत्पन्नावर यायला कित्येक वर्षे लागतात. उभी बाग उचलून घरात आणता येत नाही, हे खरेच. पण माणूस, गुरे आणि कापलेले धान्य हलवता येते, आणि ते आधीच हलवावे लागते.

अंदाज कधी चुकतो, वादळ दिशा बदलते. मग घरातले म्हणतील, ‘उगाच भारे वाहिले.’ वाहू द्या. एक दिवसाची मेहनत वाया गेली तर भरून निघते. वर्षाचे भात गेले तर भरून निघत नाही. तेव्हा पुढच्या वेळी समुद्राची बातमी लागली की रेडिओ बंद करू नका. शेजाऱ्यालाही हाक मारा.

— कृषि विस्तार अधिकारी