मोटारीचा निकामी इंजिन-संगणक आणि त्याच्या बदलीचे परवडणारे पर्याय : चांदूर बाजार परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार हे संत्रा-उत्पादक पट्ट्यातील तालुक्याचे ठिकाण होय. येथील शेतकरी, शिक्षक, लहान दुकानदार यांच्या दारातील चारचाकी अनेकदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आलेली असते. रुग्णास अमरावतीच्या दवाखान्यात नेणे, मुलांना महाविद्यालयात पोचविणे, हंगामात बाजार गाठणे ही सर्व कामे याच गाडीवर अवलंबून असतात. अशी गाडी एखाद्या दिवशी कितीही सेल्फ मारला तरी सुरू होत नाही आणि गॅरेजमधून निदान मिळते, 'कम्प्युटर गेला'. नव्या संगणकाची किंमत ऐकल्यावर मालकापुढे दोनच मार्ग उरतात असे त्यास वाटते. कर्ज काढून नवा संगणक बसविणे, नाहीतर गाडी भंगारात देणे. गाडी जुनी असल्यास नव्या संगणकाचा खर्च तिच्या बाजारभावाच्या मोठ्या हिश्शाइतका होऊ शकतो. म्हणून हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा न राहता ग्रामीण मध्यमवर्गाच्या अर्थकारणाचाही ठरतो. या दोन मार्गांच्या दरम्यान अनेक पर्याय उपलब्ध आहेत. त्यांचा क्रम कोणता असावा आणि प्रत्येकाची मर्यादा काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उद्दिष्टे :

१. इंजिन-संगणकाची रचना व कार्य थोडक्यात स्पष्ट करणे.
२. संगणक खरोखरच निकामी झाला आहे काय, हे तपासण्याची पद्धत मांडणे.
३. नव्या संगणकास असलेल्या पर्यायांचा तांत्रिक, आर्थिक व कायदेशीर दृष्टीने विचार करणे.

पार्श्वभूमी :

इंधन व ठिणगी या दोहोंचे नियंत्रण एकाच अंकीय संगणकाकडे सोपविणारी बॉश कंपनीची 'मोट्रॉनिक' प्रणाली १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या मोटारीत आली. भारतातील सामान्य मोटारीत मात्र त्यानंतरही दीर्घकाळ कार्ब्युरेटरच होता. हे चित्र प्रदूषणविषयक निर्बंधांमुळे पालटले. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील नव्या खाजगी मोटारींसाठी युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ मानके बंधनकारक केली. पुढे २००५ मध्ये भारत स्टेज-२, २०१० मध्ये भारत स्टेज-३, १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज-४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही मानके देशभर लागू झाली. ही मानके कार्ब्युरेटरच्या आधारे पाळणे कठीण असल्याने 'एमपीएफआय' म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र इंजेक्टर असलेली प्रणाली रूढ झाली व तिच्यासोबत संगणकही आला.

या स्थित्यंतराचा परिणाम गॅरेजवर झाला. कार्ब्युरेटर उघडून, जेट साफ करून, कानाने इंजिनाचा सूर ओळखणारा मिस्त्री एका बंद धातूच्या डबीपुढे उभा राहिला. ज्ञानाची ही दरी आजही पुरती भरलेली नाही आणि दुरुस्तीच्या वाढत्या खर्चाचे एक महत्त्वाचे कारण तिच्यातच आहे.

रचना व कार्य :

इंजिन-संगणकास व्यवहारात 'ईसीएम' किंवा 'ईसीयू' म्हणतात. त्याचे स्थूलमानाने चार भाग पडतात. पहिला भाग वीजपुरवठ्याचा. तो बॅटरीच्या १२ व्होल्टपासून ५ व्होल्टचा स्थिर दाब तयार करतो. दुसरा भाग सेन्सरकडून येणारे संकेत घेतो. क्रँकशाफ्टची स्थिती, इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, थ्रॉटलचे उघडणे, पाण्याचे तापमान व धुरातील ऑक्सिजन यांची माहिती त्यास सतत मिळते. तिसरा भाग प्रक्रियक व स्मृती यांचा असून इंधनाचे तक्ते व चावीचे संकेत तेथे साठविलेले असतात. चौथा भाग आज्ञा बजावणाऱ्या ट्रान्झिस्टरांचा. ते इंजेक्टर, इग्निशन कॉइल, रिले यांना चालू-बंद करतात.

प्रक्रियक व स्मृती यांचा भाग तुलनेने क्वचित बिघडतो. पहिला व चौथा भाग मोठा विद्युतप्रवाह वाहतात, म्हणून बिघाड तेथे अधिक संभवतो. या दोन भागांतील घटक बहुधा सुटे मिळणारे व स्वस्त असतात. परवडणाऱ्या दुरुस्तीची शक्यता या वस्तुस्थितीतून निर्माण होते.

निदानाची पडताळणी :

सर्वात स्वस्त पर्याय म्हणजे न बिघडलेला संगणक न बदलणे. पुढील तपासण्यांसाठी साधा मल्टिमीटर, टेस्टर व गाडीची वायरिंगची आकृती एवढेच साहित्य पुरते.

प्रथम बॅटरी तपासावी. सेल्फ मारताना तिचा दाब साधारणतः ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर संगणक नीट काम करू शकत नाही. त्यानंतर फ्यूज व मुख्य रिले पाहावा. मुख्य रिले संगणकास वीज पुरवितो; तो निकामी झाल्यास संगणक निर्जीव भासतो. किल्ली फिरविल्यावर 'चेक इंजिन' दिवा मुळीच पेटत नसेल, तर संगणकावर दोष ठेवण्यापूर्वी ही वाट तपासणे अगत्याचे आहे.

दुसरी तपासणी अर्थिंगची होय. संगणकाची अर्थ वायर व बॅटरीची ऋण बाजू यांमध्ये भार चालू असताना ०.१ व्होल्टपेक्षा बराच अधिक फरक आढळल्यास दोष गंजलेल्या बोल्टमध्ये किंवा तुटक्या वायरमध्ये असण्याचा संभव असतो. कापडी पट्टीने बोल्ट घासून साफ करण्यास काहीच खर्च येत नाही.

तिसरी व बरेचदा दुर्लक्षित राहणारी तपासणी ५ व्होल्टच्या वाहिनीची. अनेक सेन्सर याच वाहिनीवर अवलंबून असतात. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला तर संपूर्ण वाहिनीचा दाब कोसळतो, इंजिन सुरू होत नाही आणि काही गाड्यांत स्कॅनरही जोडला जात नाही. लक्षणे हुबेहूब संगणक जळाल्यासारखी असतात. अशा वेळी सेन्सरांचे कपलर एकेक करून काढावेत. ज्या सेन्सरचा कपलर काढताच दाब पुन्हा ५ व्होल्टवर येतो, तो सेन्सर किंवा त्याची वायर दोषी समजावी.

चौथी तपासणी वायरिंगची. कोठ्यात किंवा धान्याच्या कोठाराजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीतील वायरी उंदीर कुरतडतात. कपलरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. वायर तुटण्याची लक्षणे गाडीच्या हादऱ्यांबरोबर येतात व जातात, म्हणून इंजिन चालू असताना वायरिंग हलवून पाहणे उपयुक्त ठरते. वीजपुरवठा, अर्थिंग व वायरिंग निर्दोष असूनही संगणक प्रतिसाद देत नसेल, किंवा संकेत योग्य मिळत असूनही एखाद्या इंजेक्टरला वा कॉइलला आज्ञा देत नसेल, तरच तो निकामी ठरवावा.

बिघाडाची कारणे :

संगणक जळण्यामागे अनेकदा बाहेरचे कारण असते. जम्प स्टार्ट देताना वायरी उलट लावणे, बॅटरी न सोडवता बॉडीला वेल्डिंग करणे, पावसाचे किंवा गाडी धुतानाचे पाणी आत शिरणे ही त्यांपैकी प्रमुख कारणे होत. वऱ्हाडातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. इंजिनाच्या कप्प्यात बसविलेल्या संगणकाला इंजिनाच्या उष्णतेसोबत हाही ताप सोसावा लागतो. वारंवार तापण्या-निवण्याने डाखाचे सांधे तडकतात व जुन्या संगणकांतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात किंवा पाझरतात. शॉर्ट झालेली इग्निशन कॉइल किंवा इंजेक्टर आपल्याला चालविणारा ट्रान्झिस्टर जाळतो. हे मूळ कारण दूर न करता नवा संगणक बसविल्यास तोही जळतो आणि खर्च दुप्पट होतो. म्हणून 'काय जळले' याबरोबरच 'का जळले' या प्रश्नाचे उत्तरही आवश्यक ठरते.

उपलब्ध पर्याय :

१. घटक-पातळीवरील दुरुस्ती : यात मूळ संगणक उघडून कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, व्होल्टेज रेग्युलेटर असे घटक बदलले जातात, तडकलेले सांधे पुन्हा डाखले जातात आणि गंजलेली वाट पातळ तारेने जोडली जाते. मूळ स्मृती कायम राहत असल्याने चावी, इंधनाचे तक्ते व गाडीची ओळख यांस धक्का लागत नाही. हा या पर्यायाचा मोठा लाभ होय. अशी कामे करणारे कारागीर मोठ्या शहरांत आढळतात व संगणक कुरियरने पाठविता येतो. तथापि, जेलने भरलेले आणि सिरॅमिक पट्टीवर सूक्ष्म तारांनी जोडलेले संगणक उघडणे अवघड असते. संगणक पाठविताना बिघाडाची लक्षणे लिहून द्यावीत, दुरुस्तीनंतर टेबलावर चाचणी झाली काय हे विचारावे व हमी लेखी घ्यावी.

२. वापरलेला संगणक व स्मृतीचे प्रतिरूपण : मुंबईतील कुर्ला किंवा दिल्लीतील मायापुरी येथील जुन्या सुट्या भागांच्या बाजारात संगणक मिळू शकतो. परंतु केवळ गाडीचे नाव सारखे असणे पुरेसे नाही. डबीवरील भाग-क्रमांक तंतोतंत जुळला पाहिजे. शिवाय इमोबिलायझर असलेल्या गाडीत चावीतील चिपचा संकेत संगणकाने ओळखला नाही, तर इंजिन सुरू होत नाही किंवा सुरू होऊन लगेच बंद पडते. यावर उपाय म्हणजे जुन्या संगणकाची स्मृती वाचून ती वापरलेल्या संगणकात उतरविणे. जुन्या संगणकाची स्मृती-चिप शाबूत असेल तरच हे शक्य होते, म्हणून जळालेला संगणक कधीही फेकून देऊ नये. चोरीच्या गाडीचा भाग पदरी पडू नये यासाठी बिल घेणे अनिवार्य समजावे.

३. पुनर्निर्मित संगणक : जुना संगणक देऊन त्याच जातीचा दुरुस्त व तपासलेला संगणक घेणे, असे याचे स्वरूप आहे. गाडी फार दिवस बंद ठेवता येत नसेल तर हा मार्ग सोयीचा; मात्र येथेही चावी व स्मृती जुळविण्याचे काम शिल्लक राहते.

४. स्वतंत्र प्रोग्रामेबल संगणक : ब्रूस बाउलिंग व अल ग्रिप्पो यांनी २००१ च्या सुमारास पुढे आणलेला 'मेगास्क्वर्ट' किंवा त्यानंतरचा मुक्त-स्रोत 'स्पीडुइनो' हे इंजिन चालवू शकणारे स्वस्त संगणक होत. परंतु त्यांत इंधनाचे तक्ते स्वतः तयार करावे लागतात, चुकीच्या तक्त्याने इंजिनास इजा होते व धुराची मानके पाळली जातीलच असे नाही. रोजच्या वापरातील गाडीसाठी हा पर्याय सुचविणे योग्य नव्हे. अभियांत्रिकी व तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत मात्र तो उत्तम शैक्षणिक साधन ठरू शकतो.

५. कार्ब्युरेटर बसविणे : संगणकच काढून कार्ब्युरेटर लावण्याची सूचना कधीकधी केली जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ निर्दिष्ट केलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. शिवाय अशी गाडी प्रदूषण चाचणीत अडकू शकते व पुढे विकणे कठीण होते. त्यामुळे हा मार्ग स्वस्त दिसला तरी परवडणारा नाही.

वरील विवेचन केवळ इंजिन-संगणकास लागू आहे. ब्रेक व एअरबॅग यांचे संगणक जीविताशी थेट निगडित असल्याने तेथे काटकसरीचे प्रयोग टाळणेच इष्ट होय.

माहितीचा अधिकार व दुरुस्तीचा हक्क :

घटक स्वस्त असूनही दुरुस्ती महाग का पडते, याचे उत्तर बव्हंशी माहितीच्या अभावात आहे. वायरिंगची आकृती, दोष-संकेतांचा अर्थ आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजला मिळत नसतील, तर संपूर्ण डबी बदलण्याचा सल्ला हाच त्यास सुरक्षित वाटतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजीच्या आदेशात १४ मोटार कंपन्यांना सुट्या भागांच्या बाजारातील स्पर्धाविरोधी वर्तनाबद्दल सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग व निदान-साधने उपलब्ध करून द्यावीत आणि केवळ स्वतंत्र गॅरेजमध्ये दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. हे प्रकरण पुढे अपिलात गेले. तरीही प्रश्नाची नोंद घेणारा दस्तऐवज म्हणून या आदेशाचे महत्त्व कमी होत नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी मोटार-दुरुस्तीच्या हक्कास कौल दिला. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरविण्यासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी या विषयाचे पोर्टल सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. तालुक्याच्या गॅरेजपर्यंत ही माहिती मराठीतून पोचेल, तेव्हाच या हक्कास प्रत्यक्ष अर्थ प्राप्त होईल.

निष्कर्ष :

१. 'संगणक निकामी' हे पहिले निदान नसून वीजपुरवठा, अर्थिंग, ५ व्होल्टची वाहिनी व वायरिंग तपासल्यानंतरचे शेवटचे निदान असावे.
२. तपासणी, घटक-पातळीवरील दुरुस्ती, प्रतिरूपणासह वापरलेला किंवा पुनर्निर्मित संगणक आणि अखेरीस नवा संगणक हा क्रम आर्थिकदृष्ट्या योग्य ठरतो.
३. जळण्याचे मूळ कारण दूर केल्याशिवाय कोणताही पर्याय टिकाऊ होत नाही.
४. चांदूर बाजारसारख्या ठिकाणी उणीव सुट्या भागांपेक्षा निदान-कौशल्याची अधिक आहे. महाविद्यालयांचे भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी स्थानिक मिस्त्रींसाठी मल्टिमीटरच्या वापरावर अल्पमुदतीचे वर्ग घेतल्यास ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघेल. दाबातील घट, समांतर जोडणी, शॉर्ट सर्किट या पदवी-वर्गात शिकविल्या जाणाऱ्या संकल्पनाच येथे उपयोगी पडतात. त्या वर्गाबाहेर पोचल्यास एखाद्या कुटुंबाची गाडी भंगारात जाण्यापासून वाचू शकते.