घोड्यांमधील 'कुमरी' : मेरुरज्जूचा कृमिजन्य आजार आणि मुंबईची उपनगरे

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता जुहूच्या किनाऱ्यावर मुलांना फिरवणारा एक घोडा पाहण्यात आला. चालताना त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकत, खुराचे टोक वाळूत रेघ ओढीत जाई आणि वळताना कंबर एका बाजूस झुके. घोडेवाल्याच्या मते जनावर कामचुकार झाले होते व त्यावर चाबूक हाच उपाय होता. अशी चाल दिसल्यास ज्याचा विचार प्रथम व्हावयास हवा, परंतु क्वचितच होतो, अशा एका आजाराचा परिचय प्राणिशास्त्राच्या अंगाने करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भारत, ब्रह्मदेश व श्रीलंका येथे हा आजार 'कुमरी' या नावाने ओळखला जात असे. 'कमर' या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. घोडा खातो-पितो, अंगात ताप नसतो, मात्र कंबरेपासून मागचा भाग एकाएकी लुळा पडू लागतो. दीर्घकाळ याचे कारण वातविकार, थंडी किंवा मार असे मानले गेले. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी इनेस व शोहो यांनी जनावरांच्या मेंदूत व मेरुरज्जूत भरकटणाऱ्या गोलकृमींमुळे होणाऱ्या आजाराचे विवेचन केले. पुढे १९५५ मध्ये इनेस व पिल्ले यांनी श्रीलंकेतील कुमरी हाच तो आजार असल्याचे दाखवून दिले.

कृमीचा प्रवास

या कृमीचे नाव सेटारिया डिजिटाटा. त्याचे खरे घर गाय व म्हैस. त्यांच्या उदरपोकळीत प्रौढ कृमी वर्षानुवर्षे राहतात आणि जनावराला सहसा काहीही त्रास होत नाही. मादी कृमीची सूक्ष्म पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रक्तात उतरतात. डास ते रक्त शोषतो. त्याच्या शरीरात साधारण दोन आठवड्यांत या पिल्लांची संसर्गक्षम अळी तयार होते. हा डास पुन्हा म्हशीला चावला तर चक्र सुरळीत पूर्ण होते. तो घोड्याला, शेळीला किंवा मेंढीला चावला की घोटाळा होतो. परक्या शरीरात अळीला वाट सापडत नाही. ती भटकत मेरुरज्जूत शिरते, क्वचित डोळ्यातही उतरते.

मेरुरज्जूतून मेंदूच्या आज्ञा पायांकडे जातात, तशीच पाय कोठे टेकला आहे ही जाणीव पायांकडून मेंदूकडे येते. अळी ज्या वाटेने जाते तेथील तंतू तुटतात. आपला मागचा पाय कोठे आहे हेच घोड्याला कळेनासे होते. चाबकाने ही जाणीव परत येत नाही, हे वेगळे सांगावयास नको. इजा छाती-कंबरेच्या भागात असल्यास केवळ मागचे पाय बाधतात. मानेत असल्यास चारही. एखादी अळी पुरते, आणि ती इतकी लहान असते की शवविच्छेदनातही हाती लागेलच असे नाही.

निदानातील पेच

रक्त तपासून हत्तीरोग ओळखतात, तसे येथे करता येत नाही. घोड्यात हा कृमी सहसा प्रौढ होत नाही, म्हणून रक्तात मायक्रोफायलेरिया सापडत नाहीत. सापडलेच तर ते बहुधा घोड्याच्या स्वतःच्या सेटारिया इक्विना या बहुतांशी निरुपद्रवी कृमीचे असतात. त्यामुळे निदान ऋतू, परिसर, लक्षणे आणि इतर आजार वगळणे यांवर अवलंबून राहते. त्यांत सर्रा महत्त्वाचा. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये पंजाबात शोधलेल्या ट्रिपॅनोसोमामुळे होणाऱ्या या रोगातही मागचे पाय ढिले पडतात, परंतु तेथे उलटून येणारा ताप, रक्तक्षय व सूज असते. रेबीजची शंका असेल तर हाताळणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो. मानेचा मणका दबणे व हर्पिस विषाणू हेही विचारात घ्यावे लागतात. आपल्या ग्रंथालयांतील परदेशी पुस्तके मात्र घोड्याच्या मेरुरज्जूच्या संदर्भात प्रथम ज्या सार्कोसिस्टिसजन्य आजाराची चर्चा करतात, तो अमेरिका खंडातील ओपॉसम या प्राण्यामुळे पसरतो. तो प्राणी भारतात नाही. विद्यार्थी तेच पाठ करतात आणि कुमरीचे नावही ऐकत नाहीत, ही खेदाची बाब आहे.

उपनगरांचा संदर्भ

मुंबईत 'तबेला' म्हटले की म्हशी डोळ्यांसमोर येतात. मुळात तो शब्द घोड्यांच्या पागेचा. या आजारात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. गोरेगावची आरे दुग्ध वसाहत १९४९ मध्ये स्थापन झाली व शहरातील म्हशी तेथे हलविण्यात आल्या. जोगेश्वरी, अंधेरीकडेही गोठे राहिले. शेणमुताने गढूळ झालेल्या पाण्यात आर्मिजेरिससारखे डास उत्तम वाढतात. म्हैस, डास आणि घोडा एका हाकेच्या अंतरावर आले की चक्राला फाटा फुटण्यास पुरेसे होते. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील व्हिक्टोरिया गाड्यांची सैर बेकायदा ठरविली, त्यामुळे गाडीचे घोडे कमी झाले. तथापि वरातीचे व सवारीचे घोडे आहेतच, आणि त्यांचे मालक फार ऐपतीचे नसतात. एक घोडा बसला की एका घराची चूल अडते.

उपचारात पूर्वी डायइथिलकार्बामाझिन देत. आता आयव्हरमेक्टिन व सोबत दाहशामक औषधे पशुवैद्याच्या देखरेखीखाली दिली जातात. औषधाने अळी मरते, तुटलेले तंतू जुळत नाहीत. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत, खूर घासू लागताच, घोड्याचे काम थांबवून त्याला पशुवैद्याकडे नेणे निर्णायक ठरते. १८८६ पासून परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तेथेच बाई साकरबाई पशुरुग्णालयही आहे. उपनगरातील घोडेवाल्याला ते दूर वाटते, आणि तोवर तो कंबरेला तेल चोळीत बसतो. घोडा एकदा आडवा पडून उठेनासा झाला की त्याच्या वजनाखाली स्नायू चेपतात, अंगाला जखमा होतात, आणि बहुतेक वेळा त्याला वेदनारहित मरण देण्यावाचून पशुवैद्याच्या हाती काही उरत नाही.