साठ मीटरवरचा फ्लेमिंगो

सीवूड्स-नेरूळच्या पाणथळींवर फ्लेमिंगो उतरले की नवी मुंबईत कॅमेऱ्यांची चौकशी वाढते. हिवाळ्यापासून मेअखेरपर्यंत खाडीला भरती आली की चिखलावर चरणारे थवे उठतात आणि डीपीएस शाळेमागच्या तलावात किंवा टी. एस. चाणक्यच्या पाणथळीत येऊन उभे राहतात. काठावर माणसांची रांग आणि प्रत्येकाच्या हातात फोन. घरी येऊन फोटो मोठा करून पाहावा तर नुसते गुलाबी ठिपके. मग ऑफिसातल्या एखाद्या ‘फोटोवाल्या’ला गाठून विचारणा होते : “पहिला डीएसएलआर घ्यायचाय. कुठला घेऊ? किती मेगापिक्सेलचा?”

यातला दुसरा प्रश्न सोडून दिला तरी चालेल. ज्याच्या खिशात ५० मेगापिक्सेलचा फोन आहे तोच माणूस २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्यायला निघालाय, यातच काय ते आलं. पिक्सेल निम्मे होऊनही फोटो सुधारत असेल, तर सुधारणा दुसरीकडून येत असली पाहिजे. ती कुठून येते हे कळायला पक्ष्याच्या अंगावरून निघालेल्या उजेडाच्या मागे मागे जावं. वाटेत कॅमेऱ्याचे जे भाग ज्या क्रमाने लागतात, त्याच क्रमाने खिशात हात घालावा असं माझं मत आहे.

आधी अंतर. पक्ष्याच्या जवळ जाता येत नाही. मध्ये पाणी असतं, गुडघाभर चिखल असतो. खाडीचा मोठा पट्टा तर २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तो महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतही गेला. शिवाय जवळ गेलं की थवा उडतो, म्हणजे फोटोही गेला आणि पक्ष्यांची विश्रांतीही. तेव्हा साठ मीटर अंतर धरून चालू. इकडे येणाऱ्या थव्यांत बहुसंख्य असलेला धाकटा फ्लेमिंगो मान वर करून उभा राहिला की साधारण ९० सेंटिमीटर भरतो. त्याचं सेन्सरवर पडणारं चित्र किती मोठं असेल? पक्ष्याच्या उंचीला लेन्सच्या फोकल लेंग्थने गुणायचं आणि अंतराने भागायचं. शाळेतलंच गणित आहे.

फोनच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंग्थ सात मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे सेन्सरवर पक्षी उमटतो एक दशांश मिलिमीटरचा. पिक्सेल एका मायक्रॉनचा धरला तर नखशिखान्त पक्षी शंभरेक पिक्सेलमध्ये संपला. महागड्या फोनांतली टेलिफोटो लेन्स हा आकडा काही पटींनी वाढवते, पण पुढच्या हिशेबात तीही मागे पडते. आता हौसेने डीएसएलआर घेतला आणि डब्यात आलेली १८-५५ची किट लेन्स ५५वर ठेवली. पक्षी ०.८ मिलिमीटरचा, कॅमेऱ्याचा पिक्सेल सुमारे चार मायक्रॉनचा, म्हणजे पिक्सेल दोनशेच्या आसपास. एवढा खर्च करून जेमतेम दुप्पट! पहिल्या रविवारी बऱ्याच जणांचा चेहरा पडतो तो इथेच. आणि दोष बॉडीचा समजून ते आणखी महाग बॉडीची चौकशी सुरू करतात. त्याच बॉडीवर ३०० मिलिमीटरची लेन्स चढवली, तर पक्षी साडेचार मिलिमीटरचा होतो, साडेअकराशे पिक्सेल उंच. आता त्याचा डोळा दिसतो, वाकडी चोच दिसते, पंखाच्या कडेचा किरमिजी पट्टा दिसतो.

पक्षी मोठा दिसणं हा लेन्सच्या फायद्याचा अर्धाच भाग. फोकल लेंग्थला लेन्सवर लिहिलेल्या एफ-आकड्याने भागलं की उजेड आत घेणाऱ्या तोंडाचा व्यास मिळतो. फोनचा येतो चार मिलिमीटर, किट लेन्सचा ५५वर दहा, आणि ३०० एफ/५.६चा जवळजवळ ५४. उजेड गोळा होतो तो क्षेत्रफळावर. म्हणून त्याच फ्लेमिंगोकडून, तेवढ्याच वेळात, ही लेन्स फोनच्या सुमारे एकशे ऐंशी पट उजेड उचलते. खगोलशास्त्रज्ञांना हे जुनंच माहीत आहे. पुण्याच्या उत्तरेला गिरवलीला आयुकाची दुर्बीण आहे, तिची ओळख आरशाच्या व्यासावरून ‘दोन मीटरची दुर्बीण’ अशी करून देतात. ती किती पट मोठं दाखवते हे तिथे कुणी आधी सांगत नाही.

उजेड जास्त लागतो तो कशासाठी? उजेड फोटॉनच्या रूपाने येतो आणि फोटॉन शिस्तीत येत नाहीत. एखाद्या पिक्सेलवर सरासरी शंभर यायचे असतील तर कधी नव्वद येतात, कधी एकशेदहा. हा चढउतार संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. शंभरावर दहा, म्हणजे दहा टक्के. दहा हजारांवर शंभर, म्हणजे एकच टक्का. सकाळी साडेसहाच्या फोटोत पक्ष्याच्या अंगावर जे रवाळ दाणे दिसतात ते मुख्यतः या गणिताचे. ‘आयएसओ वाढव’ हा सल्ला सगळे देतात, पण आयएसओने एकही नवा फोटॉन येत नाही. आले तेवढेच फुगवून दाखवले जातात, दाण्यांसकट.

याचा एक परिणाम दुकानदार सहसा सांगत नाहीत. सेन्सर मोठा तितका चांगला, हे सरसकट खरं नाही. ‘फुल फ्रेम’ म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर. हे माप १९२५ साली बाजारात आलेल्या लायकाने रूढ केलं. तिचा जनक ऑस्कर बार्नाक याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी वापरली होती. हौशी लोकांच्या डीएसएलआरमधला एपीएस-सी सेन्सर त्याच्या निम्म्याहून लहान, साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा. घरातलं लग्न किंवा मांडवातला रात्रीचा गणपती टिपायचा असेल तर मोठ्या सेन्सरचा फायदा नक्की होतो, कारण तिथे पुढे सरकून चौकट भरता येते. पण साठ मीटरवरच्या पक्ष्याला तीच लेन्स तेवढंच चित्र देते, तेवढाच उजेड देते. मोठ्या सेन्सरवर फक्त भोवतीचा चिखल जास्त येतो! २४ मेगापिक्सेल लहान सेन्सरवर दाटीने बसलेले असल्यामुळे पक्ष्याच्या वाट्याला उलट जास्त पिक्सेल येतात. पहिल्या कॅमेऱ्यासाठी एपीएस-सी घ्या, म्हणजे वाचलेले पैसे लेन्सला लागतील.

लेन्समधून उजेड आत आला की डीएसएलआरमध्ये तो आरशावर पडतो. पंचेचाळीस अंशांत तिरका असलेला हा आरसा त्याला वर पाठवतो आणि आपण डोळा लावतो तिथे जे दिसतं तो खरा उजेड असतो, पडद्यावरची प्रतिमा नव्हे. आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून निसटलेला उजेड मागच्या छोट्या आरशावर आपटून खाली, फोकस ठरवणाऱ्या सेन्सरकडे जातो. अंगठा समोर धरून एकेक डोळा मिटला की अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा वाटतो ना, तेच तत्त्व इथे आहे. लेन्सच्या दोन कडांतून आलेल्या प्रतिमा एकमेकींपासून किती आणि कुठल्या बाजूला सरकल्या आहेत, यावरून फोकस किती आणि कुठे हलवायचा हे एका मोजणीत कळतं. म्हणून उडत्या पक्ष्यावर डीएसएलआर चाचपडत बसत नाही. बटण दाबलं की आरसा वर उडतो, शटर उघडतं, मिटतं, आरसा खाली येतो. तो ‘खटॅक’ आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

शेवटी सेन्सर. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये केलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात दहा हजार पिक्सेल होते आणि एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही. त्याच कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी काढलेली युक्ती, तिचं पेटंट १९७६चं, आजही जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात आहे : पिक्सेलांवर रंगीत गाळण्या बसवायच्या, निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. म्हणजे फ्लेमिंगोचा लाल अंश चारांतला एकच पिक्सेल मोजतो. उरलेले तीन शेजाऱ्यावरून अंदाज बांधतात. शेवाळातल्या कॅरोटिनॉइडांमुळे पिसांवर चढलेला फिकट गुलाबी रंग त्यामुळे नाजूक प्रकरण होऊन बसतो. त्यात कॅमेऱ्याचा मीटर दृश्य सरासरी करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतो. भोवती काळा चिखल असला की तो फोटो उजळवतो आणि पक्षी पांढराफट्ट पडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दोन तृतीयांशवर ठेवून पाहा, गुलाबी परत येतो. आणि फोटो ‘रॉ’मध्ये ठेवा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, रॉमध्ये कॅमेऱ्याप्रमाणे ४,०९६ किंवा १६,३८४. ही सोय अगदी स्वस्त डीएसएलआरमध्येही आहे, तिच्यासाठी जादा पैसे मोजायला नकोत.

पण आज आरशाचा कॅमेरा घ्यावा का, हा प्रश्न उरतोच. कॅनन आणि निकॉन यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही. पेंटॅक्स तेवढी अजून आरशाशी इमान राखून आहे. आरसा नसलेल्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवण्याची सोय मिळते. उडत्या थव्यासाठी ती फार कामाची आहे आणि बजेट असेल तर मी कुणाला अडवणार नाही. पण बजेट बेताचं असेल तर जुना डीएसएलआर हा अजूनही उत्तम सौदा आहे. जगभरचे हौशी लोक मिररलेसकडे गेल्यामुळे चांगल्या लेन्स सेकंडहँड बाजारात आल्या आहेत. बॅटरीच्या बाबतीतही डीएसएलआरच पुढे. निकॉनचा २०१८चा साधा डी३५०० एका चार्जवर दीड हजार फोटोंना मोजलेला आहे. त्याच गटातले मिररलेस बहुतेक तीन-चारशेवर थांबतात, कारण त्यांचा पडदा सतत पेटलेला असतो.

सेकंडहँड म्हटलं की हार्बर लाइन पकडून सीएसएमटी आणि तिथून फोर्टातला बोरा बाजार. तिथे किंवा ऑनलाइन, काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६००सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यावर जुनी ‘एएफ-डी’ लेन्स बसते, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. स्वस्तात मिळालेली जुनी ५० मिलिमीटर लेन्स घरी आणून ‘बिघडलेली दिली’ म्हणून परत न्यायची वेळ त्यामुळेच येते. डी७२००मध्ये मोटर आहे. शटर किती वेळा उडालंय तेही विचारा. सुरुवातीच्या किमतीतल्या बॉडीचं शटर साधारण एक लाख वेळांसाठी बनवलेलं असतं. निकॉनच्या फोटो-फाइलमध्येच हा आकडा लिहिलेला सापडतो.

लेन्स मात्र उजेडात धरून तपासायची. दोन्ही टोपणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून आत बघा. धुळीचे चार कण दिसले तरी बिघडत नाही, फोटोत ते येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फांद्या फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी. दुकानदार ‘थोडा फंगस है, साफ हो जायेगा’ म्हणतील. साफ होतेही, पण काही बुरशी आम्ल सोडते आणि ते काचेवरचा प्रतिबिंबरोधक लेप खातं. मग समोर सूर्य असला की फोटो धुरकट येतो, त्याला इलाज नाही.

नवी मुंबईत हा धोका नव्या लेन्सलाही आहे. जुलैत इथली हवा ऐंशी टक्क्यांहून दमट असते आणि साठच्या पुढे दमटपणा टिकून राहिला की बुरशीला काचेवरचा बोटाचा तेलकट ठसाही पुरतो. कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळालेली बॅग ही लेन्स ठेवायची सर्वांत वाईट जागा, कारण तिचा फोम ओल धरून ठेवतो. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर घ्यावं. नाहीतर रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या आणि आत एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावर काम भागतं. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये राहिला पाहिजे. पन्नासच्या वर जाऊ लागला की सिलिका जेलचे खडे कढईत मंद आचेवर परतून ओल घालवायची, खडे निवू द्यायचे आणि पुन्हा डब्यात टाकायचे. खड्यांना रंग लावलेला असला तर तो पूर्ववत झाला की काम झालं. त्यासाठीची कढई मात्र स्वयंपाकाची नको, वेगळी ठेवा.