शून्य म्हणजे यश

मुलांनो, परीक्षेत शून्य मिळाले तर आपण नापास होतो. संगणकात मात्र उलटे आहे. लिनक्सच्या शेलमध्ये आपण आज्ञा लिहितो. काम संपले की ती आज्ञा एक अंक मागे ठेवून जाते. ० म्हणजे काम झाले. यश एकच असते, अपयशाची कारणे अनेक. म्हणून बाकीचे सगळे अंक अपयशाच्या वाट्याला आले.

समजा, वर्गाच्या यादीत 'ग्रेप' या आज्ञेने 'मुंब्रा' हा शब्द शोधला. यादीत ठाणे, डोंबिवली, कल्याण एवढीच नावे असतील तर १ येतो. ही चूक नव्हे. शब्द सापडला नाही, इतकेच. यादीची फाइलच नसेल तर २ येतो. आज्ञेचे नावच चुकीचे लिहिले तर १२७.

खरी फसगत पुढेच आहे. हा अंक फक्त ० ते २५५ असतो. घड्याळात बारानंतर पुन्हा एक वाजतो, तसा २५५ नंतर पुन्हा ० येतो. एखादा प्रोग्राम चुका मोजून तीच संख्या मागे ठेवत असेल आणि चुका नेमक्या २५६ निघाल्या, तर शेलला दिसेल ०, म्हणजे सर्व ठीक! म्हणून जाणकार चुकांची संख्या पडद्यावर दाखवतात आणि मागे ठेवतात फक्त १.