काकवी, विहीर आणि हमरस्त्याची कड

हडपसर ते यवत उन्नत मार्गाला राज्य सरकारनं 2025 मध्ये मान्यता दिली, तेव्हा गावात आनंदच झाला. लोणी काळभोर आणि उरुळी कांचनची कोंडी ज्यानं रोज सोसली आहे, त्याला तो होणारच. मला मात्र ती बातमी लागली. याच रस्त्याच्या कडेनं आम्ही काही जणांनी लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची तयारी केली, आणि रस्त्याला जसजशी गती आली तसतशी ती कड आमच्या हातून निसटत गेली.

खेळाचा जुना इतिहास थोडक्यात उरकतो. 1978 मध्ये हवाईत पहिल्या आयर्नमॅनला पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी शर्यत पुरी केली. पोहणं 3.8 किलोमीटर, सायकल 180, धावणं 42.2. पुण्यात 1983 पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होती, 2000 मध्ये सिडनीत ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आली, पण आमच्या बाजूला त्याची कुणाला गंधवार्ता नव्हती. 2015 मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे मिलिंद सोमण झुरिकला आयर्नमॅन पूर्ण करून आले, 15 तास 19 मिनिटांत, आणि चित्र पालटलं. 2017 मध्ये पोलिस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी फ्रान्समध्ये तीच शर्यत पुरी केली. पुण्यात कौस्तुभ राडकरांसारखा स्वतः अनेकदा ही शर्यत केलेला प्रशिक्षक होताच. डॉक्टर, इंजिनिअर, बँकवाले पहाटे उठून सायकली काढू लागले. त्यांतले बरेच रविवारी यवतवरून भुलेश्वरचा घाट चढायला येत. त्यांना पाहून आम्हीही लागलो.

ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात जिवंत वर्षं होती.

पोहणं आमच्या पिढीला विहिरीनं शिकवलं. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा आणि थोरल्या भावानं वरून ढकलून द्यायचं. पण विहिरीच्या घेरात दोन किलोमीटर काढायचे तर सतत वळत राहावं लागतं आणि एकच खांदा भरून येतो. म्हणून अर्धा वेळ डावीकडून, अर्धा उजवीकडून फेऱ्या मारायच्या. नदी जवळ होती, पण मुळा-मुठेत पुण्याचं सांडपाणी आणि वर जलपर्णीचा थर. बेबी कालव्यात मुंढव्याहून सोडलेलं पाणी येतं, त्यात शेतकरीसुद्धा नाक दाबून उतरतो. मोठ्या कालव्याच्या ओढीत पोहणं म्हणजे जिवाशी खेळ. मग दौंड-पुणे गाडी पकडायची आणि शहरातल्या तलावात पाऊण तासाची बॅच गाठायची.

खरा झगडा होता खाण्याचा. त्याच वर्षांत कर्बोदकं बंद करण्याची लाट आली. भात नको, पोळी नको, गोड म्हणजे विष. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला तो सल्ला लागू पडत असेल. सहा तास सायकल हाणणाऱ्याला तो घातक होता. शरीरात साखरेचा साठा सुमारे दोन हजार कॅलरींचा. जोर लावून चालवलं तर दोन-तीन तासांत तो तळाला जातो. चांगली तयारी असलेली माणसं भुलेश्वरच्या घाटात रस्त्याकडेला बसलेली मी पाहिली आहेत: ओठ पांढरे, अंगाला गार घाम, बाटलीचं झाकण उघडायला बोटं वळत नाहीत. ज्यांनी त्यांना उपाशी पेडल मारायला शिकवलं, त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

दुसरं टोक पाकिटांचं. परदेशी जेलच्या एका पाकिटात वीस-पंचवीस ग्रॅम कर्बोदकं, किंमत शंभराच्या पुढे, आणि तासाला दोन-तीन पाकिटं लागणार. इकडे आमच्या दौंड तालुक्यात शिवाराशिवारात गुऱ्हाळं. चुलाणावर कढई, रसात भेंडीचं पाणी टाकलं की मळी वर येते, गुळव्या ती झाऱ्यानं काढतो. पाक गुळाला येण्याआधीच उतरवला की काकवी. ती छोट्या बाटलीत भरायची, चिमूटभर मीठ, लिंबू, आणि जर्सीच्या मागच्या खिशात. दोन मोठे चमचे म्हणजे साधारण एका पाकिटाची साखर.

यात नुसती गावाची माया नाही. एकटं ग्लुकोज आतड्यातून तासाला साठेक ग्रॅमच्या वर फारसं शोषलं जात नाही, त्याची वाट भरून जाते. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेनं जातं. दोन्ही मिळून दिली तर तासाला नव्वद ग्रॅमपर्यंत मजल जाते, हे आस्कर युकेन्द्रुप यांच्या संशोधनानं दाखवलं. उसाची साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. काकवीत ती दोन्ही आहेतच. मात्र काकवीवर पाणी प्यावंच लागतं, आणि पोटाला आठवडे न् आठवडे सवय लावावी लागते. घामात मीठ जातं, ते काकवीतून भरून येत नाही. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळतं, माणूस भांबावतो. मीठ-साखरेच्या पाण्याची ताकद डॉ. दिलीप महालनबिस यांनी 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत जगाला दाखवली, तरी आपल्याकडे सायकलवाले चमकदार गोळ्यांच्या मागे लागले.

पिठलं-भाकरीलाही तिची वेळ असते. शर्यतीच्या आदल्या रात्री मऊ वरण-भातच बरा, पोटात जड काही नको. तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी येते तेव्हा वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढली जाते ती संध्याकाळी, दिवसभराची चाल संपल्यावर. त्या पंगतीत वाढणाऱ्या बायांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

मग 2019 आलं. जुलैत रायगडहून परतताना लोणी काळभोरजवळ याच महामार्गावर यवतची नऊ तरुण मुलं अपघातात गेली. गावात कित्येक दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. त्यानंतर घरोघरी एकच वाक्य: रस्त्याला सायकल न्यायची नाही. आईवडिलांना काय समजावणार? त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला गोव्यात, मिरामारला, भारतातली पहिली आयर्नमॅन 70.3 झाली. ज्या शर्यतीसाठी परदेशी जावं लागे, तिची धाकटी बहीण रात्रीच्या बसच्या अंतरावर आली, आणि आमच्या गटातली माणसं तेव्हाच गळायला लागली. कोरोनात दोन वर्षं गेली, 2022 च्या नोव्हेंबरमध्ये गोवा परत सुरू झालं. आमचा गट मात्र पुन्हा उभा राहिला नाही.

आता विहिरी बुजतायत, काहींवर जाळ्या आल्या. काही गुऱ्हाळांत चुलाणात चिपाडाऐवजी भंगार प्लास्टिक जळतं आणि गुळात साखर मिसळतात, त्यामुळे काकवी घेताना ओळखीचा गुळव्या शोधावा लागतो. पहाटे पाचला पोरं मात्र अजून पळतात. पोलिस भरतीची सोळाशे मीटर. त्यांच्यात असे आहेत की ज्यांना पोहता येतं, जे सायकलवर शाळेत गेले, ज्यांच्या अंगात सहा तासांचा दम आहे. गोव्याची फी आणि शर्यतीची सायकल त्यांच्या बापाच्या उसाच्या बिलात बसत नाही. भरती झाली की पळणं थांबतं, नाही झाली तरी थांबतं.

उन्नत मार्ग व्हावा, जड वाहनं वरून जावीत. खालचा रस्ता तेव्हा आम्हाला परत द्यावा. त्यावर सायकलला किती रुंदी ठेवली आहे, ती दुभाजकानं वेगळी आहे की नुसता पांढरा पट्टा, आणि चौकाचौकांत तिचं काय होतं, हे काम सुरू होण्याआधी आम्हाला लेखी हवं आहे.