अंगावरचे दूध, दुसरे वर्ष आणि मुलाचे वजन

मूल वर्षाचे होते, पावले टाकू लागते आणि नेमके त्याच सुमारास त्याचे वजन रेंगाळते. घरातील वडीलधारी मंडळी त्याचा एकच अर्थ लावतात: आईच्या दुधात आता काही उरलेले नाही, मूल अंगावर पिते म्हणून जेवत नाही. मग मराठी घरात ‘दूध तोडा’ आणि उर्दू घरात ‘दूध छुडा दो’ हा सल्ला जवळजवळ हुकमासारखा दिला जातो. या सल्ल्यात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेले आहेत. वजन का वाढत नाही, हा एक. दूध केव्हा व कसे सोडवावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यात शोधल्यामुळे नुकसान होते ते मुलाचे, आणि दोष येतो तो आईच्या माथी.

वजनाची गती

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बालवाढीची नवी मानके प्रसिद्ध केली. १९९७ ते २००३ या काळात दिल्ली, मस्कत, अक्रा, ऑस्लो, ब्राझीलमधील पेलोतास आणि अमेरिकेतील डेव्हिस या सहा ठिकाणच्या सुमारे ८,५०० मुलांची मापे त्यासाठी घेण्यात आली. ही मुले आईच्या दुधावर वाढलेली होती. त्यापूर्वी प्रचारात असलेली १९७७ ची अमेरिकी कोष्टके मुख्यतः बाटलीच्या दुधावर वाढलेल्या बालकांवरून बेतलेली होती. अंगावर पिणारे मूल पहिले दोन-तीन महिने झपाट्याने वाढते आणि पुढे संथ होते. त्यामुळे जुन्या कोष्टकावर ते विनाकारण मागे पडलेले दिसे. भारतातील अंगणवाड्यांनी २००८ पासून नवी मानके स्वीकारली.

या मानकांनुसार मुलग्याचे मध्यम वजन जन्मतः ३.३ किलो, वर्षाचे होताना ९.६ किलो आणि दोन वर्षांचे होताना १२.२ किलो असते. मुलीचे हेच आकडे ३.२, ८.९ आणि ११.५ किलो असे आहेत. म्हणजे पहिल्या वर्षात सहा किलोच्या आसपास वाढणारे मूल दुसऱ्या वर्षात अवघे अडीच किलोच्या थोडे वर वाढते. महिन्याला सरासरी २०० ग्रॅमच. एक जुलाबाचा आजार तेवढे वजन आठवड्यात खाऊन टाकतो. इतकेच काय, काटा बदलला किंवा अंगावर स्वेटर राहिला तरी तेवढा फरक पडतो. त्यामुळे एका महिन्याच्या आकड्यावरून निवाडा करू नये. माता-बाल संरक्षण कार्डावरील तक्त्यात ठिपका कोठे आहे यापेक्षा रेषा कोणत्या दिशेला चालली आहे, हे महत्त्वाचे. लहान चणीच्या आई-वडिलांचे मूल खालच्या रेषेवर असूनही त्या रेषेला समांतर वर जात असेल, खेळत-बागडत असेल, तर ते आजारी नव्हे.

काळजीची जागा मात्र निश्चित आहे. रेषा सलग दोन-तीन महिने आडवी राहणे किंवा खाली वळणे, तक्त्यातील हिरवा पट्टा सोडून पिवळ्यात आणि पुढे नारिंगी पट्ट्यात जाणे, दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरणे, पायांवर सूज येणे. यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती चर्चा थांबवून डॉक्टरांकडे जावे. दोन वर्षांच्या मुलग्याचे वजन ९.७ किलोपेक्षा आणि मुलीचे ९ किलोपेक्षा कमी असणे हे कमी वजनच मानले जाते. क्षयरोग किंवा लघवीच्या मार्गाचा संसर्ग यांसारखी छुपी कारणे तपासणीशिवाय कळत नाहीत.

दोष दुधाचा की वाटीचा?

दुसऱ्या वर्षात आईचे दूध ‘पाणी’ होत नाही. सर्वसाधारण प्रमाणात पिणाऱ्या मुलाला त्याच्या गरजेच्या सुमारे एक तृतीयांश ऊर्जा त्यातून मिळते. उरलेली सुमारे ५५० किलोकॅलरी रोजच्या जेवणातून यावी लागते, आणि घोडे पेंड खाते ते येथेच. नऊ किलोच्या मुलाचे पोट एका वेळी पाव लिटरच्या आसपास मावेल एवढे असते. त्यात वरणाचे वरचे पाणी, पातळ पेज किंवा चहात बुडवलेले बिस्किट गेले, की पोट भरते पण पोषण होत नाही. वरणातील सत्त्व तळाशी असते. आपल्याकडे मुलाला देतात मात्र वरचे पाणी, ‘पचायला हलके’ म्हणून. घट्ट खिचडी, कुस्करलेली भाकरी-डाळ, अंडे, बारीक केलेला खिमा किंवा मासळी, शेंगदाण्याचे कूट, आणि प्रत्येक वाटीत चमचाभर तूप किंवा तेल (एका लहान चमच्यात सुमारे ४० किलोकॅलरी) असे तीन-चार वेळा आणि मधे एक-दोनदा काही खाणे मिळाले, तर बहुतेक मुलांची रेषा दूध न तोडताच वर वळते.

दुसरी उणीव लोहाची. आईच्या दुधात लोह अल्प असते आणि जन्मतः मिळालेला साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ६ ते ५९ महिने वयाची ६७ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. रक्त कमी असले की भूक मंदावते, आणि भूक मंदावली की ‘दुधामुळे जेवत नाही’ असा निष्कर्ष निघतो. सरकारी योजनेतील लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर द्यायचे असते. अनेक घरांत ती बाटली फडताळात तशीच पडून राहते. चहा तर मुलाला देऊच नये, तो लोह शोषू देत नाही.

काही मुले दिवसभर अंगालाच चिकटून असतात आणि रात्रीही दर तासाला पितात, हे खरे आहे. अशा वेळी दूध बंद करण्याऐवजी क्रम बदलावा: आधी जेवण, नंतर दूध. आजारपणात मूल घास नाकारते तेव्हा हेच दूध त्याला तारते, हेही विसरू नये.

घाईने दूध तोडल्यास काय होऊ शकते, याचे उदाहरण वर उल्लेखिलेल्या अक्रा शहरातच सापडते. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये तेथील मुलांच्या एका सुजेच्या आजाराचे वर्णन केले आणि १९३५ मध्ये त्याला ‘क्वाशिओरकोर’ हे स्थानिक गा भाषेतील नाव दिले. दुसरे बाळ आल्यावर थोरल्याला होणारा आजार, असा त्याचा आशय. आईचे दूध सुटून मक्याच्या पेजेवर आलेली ती मुले होती. या आजाराची कारणे पुढील संशोधनात अधिक गुंतागुंतीची ठरली, पण नावातील निरीक्षण खोटे ठरले नाही.

फिसाल: सोडवण्याची रीत

दूध सोडवण्याला अरबीत ‘फिसाल’ म्हणतात. मराठीत रुळलेला ‘फैसला’ हा शब्द त्याच धातूचा. कुरआनातील सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीत पूर्ण दोन वर्षांचा उल्लेख आहे. त्याआधी सोडवायचे असल्यास आई-वडील दोघांची राजीखुशी आणि आपसांतील मशवरा यांची अट आहे, आणि मुलावरून आईला त्रास दिला जाऊ नये असेही तेथे बजावले आहे. सासू-नणंदांच्या एकतर्फी फर्मानाला तेथे जागा दिसत नाही. इमाम अबू हनीफा यांनी मुदत अडीच वर्षे मानली, तर त्यांचे शिष्य अबू यूसुफ व मुहम्मद यांनी दोन वर्षे. आरोग्य संघटनेचा सल्लाही दोन वर्षे किंवा त्याहून अधिक असाच आहे.

दुसऱ्या वाढदिवसाला एकाएकी दूध बंद करण्याची प्रथा त्रासाची ठरते. हळूहळू सोडवावे, असे इब्न सीना यांनीही ‘अल-कानून’मध्ये सांगितले आहे. (हट्टी मुलासाठी कडू लेपाची युक्तीही तेथे आहे, कडूनिंबाचा पाला लावणाऱ्या आज्या अगदीच निराधार नाहीत! तरीही विश्वासाच्या जागी अचानक कडवटपणा भेटणे मुलाला घाबरवते.) दोन वर्षांना थांबायचे असल्यास विसाव्या-एकविसाव्या महिन्यापासून सुरुवात करावी. प्रथम दिवसाचे एक पाजणे कमी करून त्या वेळी खाणे किंवा खेळ द्यावा. पाच-सहा दिवसांनी दुसरे. झोपेचे पाजणे सर्वांत शेवटी, आणि त्यासाठी वडिलांनी किंवा आजीने मुलाला थोपटून झोपवण्याची सवय लावावी. मुलाने मागितले तर झिडकारू नये, न मागता देऊ नये. ताप, जुलाब, घर बदलणे, नव्या बाळाचे आगमन या काळात सुरुवात टाळावी. मुलाला मामाकडे पाठवून दूध विसरायला लावणे हा तर दुहेरी वियोग आहे. आईची छाती भरून आल्यास आराम वाटेल एवढेच दूध काढावे, घट्ट बांधू नये. लाल गाठ व ताप आल्यास डॉक्टरांना दाखवावे.

आई पुन्हा गरोदर राहिली की तिचे दूध ‘विषारी’ होते, हा समज फार पसरलेला आहे. त्याला आधार नाही. सहीह मुस्लिममध्ये जुदामा बिन्त वहब यांची रिवायत आहे: ‘गीला’ला (दूध पाजण्याच्या काळातील सहवास, काहींच्या मते गरोदरपणी पाजणे) मनाई करण्याचा पैगंबरांचा विचार होता, पण रोमी व इराणी लोक तसे करतात आणि त्यांच्या मुलांना अपाय होत नाही, हे पाहून त्यांनी तो सोडला. निरीक्षणावरून मत बदलल्याचे हे उदाहरण लक्षणीय आहे. पूर्वी गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती झालेली असल्यास मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दूध सुटल्यावर गाई-म्हशीचे दूध पेल्याने द्यावे, बाटलीने नव्हे, आणि दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत. त्याहून जास्त दिल्यास जेवण पुन्हा मागे पडते व लोहाची तूट वाढते. पहिले तीन महिने दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करून कार्डावर ठिपका मांडून घ्यावा.